तोदेरमामाचं पिंप

आमचा तोदेरमामा मागच्या मंगळवारी गेला. जन्मभर कार्पेथियन डोंगरात मेंढ्या राखल्या. त्यांच्या दुधाचं चीज फरच्या झाडाच्या सालीत बांधून जत्रेत विकायचा, आणि लोक त्याला त्या चीजवरूनच ओळखायचे. चीज ज्यात करायचा ते पिंप त्याच्या आजाचं, लाकडाचं, आतून काळंकुट्ट. मामा ते कधी घासायचा नाही, नुसतं दुधाच्या गरम निवळीनं विसळायचा. चव त्या लाकडात राहते म्हणायचा.

मग आमचा रोमानिया युरोपियन युनियनमध्ये गेला. सत्तावीस देशांना एक कायदा. कुठं फिनलंड, कुठं आमची वाडी, पण दूध सगळ्यांचं सारखंच स्वच्छ पाहिजे म्हणे. आमचे सरपंच पाम्फिल फार हुशार. कुणी विचारायच्या आधीच चर्चसमोर उभं राहून सांगून टाकलं, लाकूड बंद, सगळं पांढरं आणि धुता येणारं पाहिजे.

मामानं अर्ध्या मेंढ्या विकून पांढऱ्या टाइल्सची खोली बांधली, स्टीलचं भांडं आणलं. पिंप अंगणात फोडायला घेतलं तेव्हा सावेतामामी म्हणाली, "माळ्यावर टाका की हो, कोण बघतंय."

"कायदा म्हणजे कायदा गं," मामा म्हणाला आणि जाळलं. मग दुपारभर डोळे पुसत बसला. धूर गेला म्हणे.

स्टीलमध्ये चीज झालं. जत्रेतली गिऱ्हाइकं चाखून म्हणाली, छान आहे, अगदी दुकानातल्यासारखं. एवढं वाईट मामाला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

दोन वर्षांनी तपासणीला दोम्निका नावाची बाई आली. टाइल्स बघून खूश झाली, मग म्हणाली, "काका, ते जुनं पिंप कुठंय? मी तेच बघायला आले."

"जाळलं. कायद्यानं बंद ना ते."

"कुणी सांगितलं? जुन्या पद्धतीच्या चीजला सूट आहे. पहिल्यापासून आहे. नुसता अर्ज करायचा होता."

सरपंचांना विचारलं तर म्हणे कागद फार लांबलचक होता, आपण पहिलं पान वाचलं.

मामानं नवं पिंप करून घेतलं. लाकूड मुरायला तीस वर्षं लागतात म्हणायचा. त्याला अकरा मिळाली.

आमच्यात मयत तीन दिवस घरात ठेवतात. जुलैचा उकाडा, घरात गार जागा एकच, ती टाइल्सची खोली. तिथंच ठेवला मामाला. सरपंच टोपी काढून आत आले, भिंतींकडे बघत म्हणाले, खोली मात्र स्वच्छ ठेवली हो तोदेरनं.

मामीनं नव्या पिंपातल्या चीजचा तुकडा कापून त्यांच्या हातात ठेवला.

"खा सरपंच. अजून एकोणीस वर्षं कमी आहेत त्याच्यात."