वरवंट्याखाली गेलेला ग्रह

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एका ग्रहाच्या मागं लागले होते. आपल्या गुरूपेक्षा मोठा, पण दूरच्या एका ताऱ्याला इतका खेटून फिरणारा, की त्याचं वर्ष आपल्या आठवड्याच्या आत संपतं. तो दिसत नाही. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो, त्यावरून त्याला ओळखायचं. सांगलीच्या कॉलेजातून दुर्बिणीच्या नोंदी लॅपटॉपमध्ये भरून मी दिवाळीला जतकडच्या आमच्या गावी आले आणि ओसरीत बसून तेच तपासत राहिले. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अलीकडं थोडी डाळिंबं.

एका दुपारी मला बघायला पाहुणे आले. प्रकल्प पुरा होईस्तोवर लग्न करणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावरच सांगितलं. चहा अर्धा ठेवून ते उठले. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि दादानं, माझ्या थोरल्या भावानं, वेणीला धरून मला अंगणात ओढलं.

"तोंड काळं केलंस आमचं! ह्या डबड्यापायी?"

त्यानं लॅपटॉप पायरीवर आपटला. तेवढ्यानं भागेना, तसा पाट्यावरचा वरवंटा उचलून घाव घालत सुटला. बटणं उडून माझ्या तोंडावर आली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त आलेलं बघून त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली. मला श्वास घेता येईना. आई मध्ये पडली. तिला त्यानं असं ढकललं की तिचं कपाळ हौदाच्या कडेवर फुटलं.

आरडाओरडा ऐकून आबा मेंढरं सोडून धावत आले. माझ्या वडलांनी कधी कुत्र्याला काठी मारलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी काठी उचलली आणि दादाच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज वरवंट्याच्या आवाजाहून बारीक होता. दादा खाली कोसळला. आबांनी परत काठी उगारली, तेव्हा मीच ती धरली.

"आबा, बास! मरंल त्यो!"

"मरू दे," म्हणत त्यांनी काठी फेकली आणि तिथंच मातीत बसून हमसाहमशी रडायला लागले.

शेजारणी आईचं कपाळ बांधत होत्या, आबा उठायला तयार नव्हते. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून दादाला मिरजेला मीच नेलं. खड्डा आला की दोघंही कण्हत होतो. दवाखान्यात हाताला प्लास्टर चढल्यावर तो म्हणाला, "काय हुतं गं त्यात एवढं?"

मी सांगितलं. त्या ताऱ्याच्या धगीनं ग्रहावरची हवा सोलून निघतीय, तो थोडा थोडा उडून चाललाय, आणि किती उडालाय ते मी मोजत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"लय दुखतंय," एवढंच म्हणाला.

मूळ नोंदी कॉलेजात होत्या, माझी मेहनत तेवढी गेली. बरगडीला पट्टा बांधून मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि प्रकल्प पुरा केला. दादानं माफी मागितली नाही. भाऊबीजेला मी गावी जात नाही. आबाच येतात सांगलीला, आईनं बांधून दिलेल्या भाकरी घेऊन. जेवताना दादाच्या हाताबद्दल ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही.