जुना माल परत

विश्रांतवाडीतल्या त्या बॅटरी दुरुस्त करणाऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. ड्रिलची बॅटरी देताना फक्त बजावलं, “जुना माल परत हवा.” त्याने दोऱ्याने बांधलेला चष्मा सावरत मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याने बॅटरीबरोबर एकच जुना सेल कागदात गुंडाळून दिला.

“आत पाच असतात. बाकीचे चार कुठे गेले?” मी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं.

त्याने बंद केलेली बॅटरी एकेक स्क्रू काढून पुन्हा उघडली आणि माझ्यापुढे धरली. नव्या सेलशेजारी माझेच चार जुने सेल होते.

“चांगले होते, अहो. उगाच कशाला काढायचे?”

मग तितक्याच सावकाश त्याने सगळे स्क्रू परत बसवले. तेवढ्या वेळात मला माफी मागता आली असती. मी म्हणालो, “जरा लवकर करा.”