लाखांदूरजवळ माझ्या अंगावर राहिलेला एक दिवस

बेल्जियमच्या एका बाई लाखांदूरजवळच्या गावात सेवा करायला आल्या आहेत, त्यांना आठवडाभर दुभाषी हवा आहे, असा नागपूरच्या मित्राचा फोन आला आणि मी लगेच हो म्हणालो. हेतू पवित्र नव्हता. परदेशी सेवाभावावर एक खरमरीत लेख लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इथे तो जेवणाखाण्यासकट आयता मिळत होता.

पुण्याहून रेल्वेने नागपूर, पुढे एसटी. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला चहाला उतरलात तर एक डोळा बसवर ठेवा, कंडक्टर माणसं मोजत नाही. भंडाऱ्याला बस बदलून पवनीमार्गे लाखांदूर, आणि तिथून जीप, जी भरल्यावर अजून चार जणांसाठी थांबते. ऑगस्ट होता. दोन्ही बाजूंना चिखल करून ठेवलेल्या बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, आणि त्यांत ओणव्या बायका. गावात हॉटेल नाही. शाळेतल्या मास्तरांच्या घरी खाट मिळाली, आणि दोन्ही वेळा भात नि लाखोरीची डाळ. पैसे विचारले तर मास्तर रुसले.

हिल्डा बासष्टीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या चर्चने अंगणवाडीची भिंत खरवडून रंगवायचं काम दिलं होतं. पहाटे प्रार्थना, मग भिंत, संध्याकाळी चर्चसाठी अहवालाची वही. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून मी घरात भिंतींशीच बोलते. त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती. मला त्या बायकांच्या रांगेत उभं राहायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही कौसल्याबाईंच्या बांधीवर गेलो. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती. या बाईंना रोवणीला हात लावायचा आहे, मजुरी नको, असं मी सांगितलं.

"फुकट? काहून जी?" कौसल्याबाई कंबर सरळ करत म्हणाल्या. "आमी काय भीक मागून राहिलो का?"

"सेवा म्हणून."

"सेवा देवाची करावं. रोवणीत दिवसाले दिवस रायते. मी चंद्रकलाच्या बांधीत जातो, ते माह्या बांधीत येते. या बाईचा दिवस मी कोठी जाऊन फेडू? इमानात बसू?"

रांग हसली. हिल्डांच्या भावाची नाशपातीची बाग आहे, हे मी उगाच सांगून टाकलं.

"मंग तिथंच मदत करावं ना," रांगेतली चंद्रकला म्हणाली.

हिल्डा भिंतीकडे परतल्या. माझा लेख मस्त जमत चालला होता, आणि मला अजिबात मजा येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका बादल्या घेऊन अंगणवाडीपुढे हजर. "आज रोवणी नाही?" मी विचारलं.

"आज इची भिंत," कौसल्याबाई म्हणाल्या.

हिल्डांच्या हातातला खरवडायचा पत्रा त्यांनी काढून घेतला. दिवस मावळायच्या आत भिंत खरवडून, लिंपून, चुना मारून तयार. मग कौसल्याबाईंनी हात धुतले. "सांगा तिले, भाऊ. आता इच्यावर आमचे सहा दिवस झाले. उद्यापासून ये म्हना."

ज्या बाईला सेवा करू देत नव्हते, तिच्यावर आता काम चढलं होतं. मी हे इंग्रजीत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हिल्डा रडल्या.

विमानाला पाचच दिवस उरले होते. रोज एकीची बांधी. रोवत मागे सरकायचं असतं, हिल्डा पुढे जायच्या. "मांगं व बाई, मांगं! गावाले चालली का?" संध्याकाळी त्यांच्या टाचा पांढऱ्याफटक पडायच्या. वही उघडून त्या मला विचारायच्या, "अहवालात काय लिहू? सेवा कुणी केली?" शब्दांवर पोट भरणारा मी मास्तरांकडून टाचांना लावायला तेल मागून आणायचो.

सहावी बांधी कौसल्याबाईंचीच राहिली. निघायच्या सकाळी हिल्डा जीपमध्ये बसेनात; विमान गेलं तर जाऊ दे म्हणाल्या. त्यांना बसवण्यासाठी मी बोलून गेलो, "तुमचा दिवस मी करतो."

कौसल्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी? बरं जी."

जीप गेली आणि मी चिखलात उतरलो. दुपारी मान वर केली तर मी लावलेली रोपं पाण्यावर तरंगत होती आणि चंद्रकला ती गोळा करून पुन्हा रोवत होती. संध्याकाळी मी विचारलं, "झाला ना दिवस?"

"कोठी झाला? तुमचं पुन्हा रोवाले चंद्रकलाचा अर्धा दिवस गेला. आता बाईचा एक, नि तुमचा अर्धा."

पुण्यात येऊन महिना झाला. लेख लिहिला नाही. कुणाची टिंगल करायची तेच ठरेना. हिल्डांचा संदेश आला: चर्चला त्यांनी भिंतीचा नाही, सहा बायकांचा फोटो दिला. खाली प्रश्न होता, माझा दिवस पूर्ण झाला ना? मी लिहिलं, झाला. आता ते त्यांनी सगळ्या चर्चला सांगितलंय.

पुढच्या रोवणीला जायचं रेल्वेचं आरक्षण अजून मिळत नाही. तोवर मी रोज सकाळी गॅलरीत कुंड्यांपुढे ओणवा होऊन मागे मागे चालतो. बायको दारात उभी राहून विचारते, हे काय चाललंय? "दीड दिवस फेडायचाय," म्हणत मी आणखी एक पाऊल मागे टाकतो.