पुलावरचा नमस्कार

फ्रान्समधल्या एका नदीच्या खोऱ्यात दिवसभर कधी सायकलवर, कधी सायकल हातात धरून हिंडत होतो. एका दगडी पुलावर थांबलो आणि सवयीने नदीला हात जोडले. खाली पाणी इतकं नितळ, की तळातले गोटे दिसत होते. कठड्याशी गळ टाकून बसलेल्या एका आजींनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे काय केलंत?"

"आमच्याकडे नदीला आई म्हणतात," मी जरा ऐटीतच सांगितलं.

आजी हरखल्या. "मग तुमच्या नद्या किती जपलेल्या असतील!"

मी उगाच सायकलची चेन चाचपत राहिलो. आई म्हटलं की तिनं सगळं पोटात घालायचं, हे आपण किती सहज धरून चालतो! आमच्या गावच्या पुलावरही मी न चुकता हात जोडतो. फक्त वास येतो म्हणून आधी गाडीची काच वर करतो.