भागाकार न करता

बारावीनंतर मी निलंग्याहून लातूरला आले आणि एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. भूकंपाला काही वर्षं झाली होती. गल्लोगल्ली शिकवण्यांचे बोर्ड लागले होते, आणि कुणाचा नंबर कसा आला याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलत. मीही त्यातलीच.

सर रोज सकाळी आठला फळ्यावर प्रोग्रामचं एक कोडं लिहीत. अकराला त्यात मेख मारत, म्हणजे सरळ वाट बंद करत. नवी वाट जो आधी काढेल त्याचं नाव दिवसभर फळ्याच्या कोपऱ्यात राही. तीन महिने तिथं बहुतेक माझंच नाव होतं.

मग ती आली. भूकंपात पडलेल्या गावातली, आता नव्या वसाहतीत राहणारी. कुणाशी फारसं बोलत नसे. पण सरांनी मेख सांगितली की पाच मिनिटांत तिचं उत्तर तयार. दोन आठवड्यांत माझं नाव कोपऱ्यातून गेलं.

हे सरळ नाही, असं मला वाटायला लागलं. मी तिच्यावर पाळत ठेवली. एकदा मुद्दाम साडेसातला गेले, तर ती आत बसलेली, आणि सर फळा पुसत होते. दोघंच. मी मनात नोंद केली.

एके दिवशी कोडं होतं: दिलेला आकडा सम की विषम ते सांगा. दोननं भागून बाकी बघायची, झालं. साडेआठला ती पाणी प्यायला उठली तशी मी तिची वही उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘भागाकार न करता : फक्त शेवटचा अंक बघणे.’ मी वही मिटली. अकराला सर म्हणाले, “आजची मेख. भागाकार करायचा नाही.”

मी उभी राहिले. “सर, हिला आधीच माहीत हाय. सकाळीच वहीत लिहिलंय हिनं. तुम्हीच सांगता हिला.”

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. सर चिडले नाहीत. त्यांनी फळ्यावर नवीन कोडं लिहिलं: तीन आकड्यांतला मधला शोधा. खडू माझ्या हातात दिला. “मेख तू मार. तुझ्या मनातली मला तर ठाऊक नाही ना?”

मी लिहिलं, ‘तुलना करायची नाही.’ मला स्वतःलाही याचं उत्तर येत नव्हतं.

ती फळ्यापाशी बराच वेळ उभी होती. दोनदा लिहून पुसलं. मग आकड्यांतले फरक घेतले, उण्याची खूण टाकून दिली, दोघांच्या बेरजेत फरक मिळवून निम्मं केलं की मोठा, वजा करून निम्मं केलं की लहान, असं करत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान काढला, आणि तिघांच्या बेरजेतून ते दोन्ही वजा केले. उरला तो मधला. मी खोट शोधायला पाच-सहा वेळा आकडे बदलले. दरवेळी बरोबर.

“वही दाखव सगळ्यांना,” सर तिला म्हणाले.

त्या पानावर सम-विषमाची चार उत्तरं होती. मी शेवटची ओळ तेवढी वाचली होती. ती हळू म्हणाली, “पत्र्याच्या शेडात शाळा होती आमची. गणिताचं पुस्तक वर्गात एकच. गणितं संपली की गुरुजी तीच पुन्हा घालायचे, दुसऱ्या रीतीनं करा म्हणायचे. सवय लागली.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आणि गावाहून एसटी सातलाच येते. दुसरी न्हाई.”

मला जमिनीत जावंसं वाटलं. तरी रात्री खोलीवर पडल्या पडल्या मन म्हणत होतं, त्या दोघांनी हेही आधी ठरवलं असेल तर? पण मेख माझी होती. हे मान्य करेपर्यंत सकाळ उजाडली. आठच्या आधीच गेले आणि तिला म्हटलं, “चुकलं माझं.”

“हाव, चुकलं,” ती म्हणाली, आणि वही मिटून ठेवली. पुढे मी जवळून गेले की ती वही मिटायचीच.

बऱ्याच वर्षांनी ती मला नांदेडला एका कॉलेजात भेटली. दोघीही परीक्षेच्या कामासाठी आलो होतो. मी आनंदानं “अगं!” म्हणत पुढं झाले.

तिनं हसून हात जोडले. “बऱ्या आहात ना तुम्ही?” म्हणाली.