पान उलटायची घंटी

ड्राइव्हवेवरचा बर्फ कितीही बाजूला सारला तरी कडेचा ढीग वाढतच जातो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. आमच्या पुस्तकांच्या पिशवीचे किस्से तसेच साचलेत. मी सांगायला बसले की सतीश, म्हणजे माझा नवरा, हळूच उठून चहा टाकायला जातो. आणि शेवटचा किस्सा संपेपर्यंत बाहेर येत नाही!

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. लग्न करून मी मिशिगनमध्ये, ट्रॉयला आले, तो माझा पहिलाच हिवाळा. आमच्या मराठी ग्रुपमधल्या शैलाकाकू लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्याकडे मराठी गोष्टींची पुस्तकं खूप, पण मुलांना देवनागरी वाचता येईना. बर्फामुळे शाळा बंद झाली की सगळी टीव्हीसमोर. काकूंनी मला फर्मान काढलं, "तुला वर्क परमिट नाही, पण आवाज आहे ना? टेप कर!"

मग मी वाचून कॅसेट भरायची. पान उलटायची वेळ आली की देवातली घंटी वाजवायची. पुस्तक आणि कॅसेट पिशवीत घालून ती पिशवी घरोघर फिरायची.

पहिल्याच कॅसेटच्या वेळी छपरावरचा बर्फ धाडकन खाली घसरला आणि मी किंचाळले. पुसायचं कसं ते माहीत नव्हतं, तशीच दिली. काकूंचा रोहन म्हणाला, "बेस्ट पार्ट! प्ले द स्क्रीम अगेन!"

*

काकूंकडे सत्यनारायण होता. आरतीला काकूंनी घंटी वाजवली मात्र, ओळीने बसलेल्या मुलांनी मांडीवरच्या आरतीच्या पुस्तकाचं पान उलटलं. सगळ्यांनी, एकदम! "सुखकर्ता" अर्धवट राहिलं आणि आम्ही हसत सुटलो.

ओळीत शेवटी बसलेल्या छोट्या मीनूच्या मांडीवर पुस्तक नव्हतं. तिनेही पान उलटलं. अगदी हलकेच, कोपरा चिमटीत धरून.

मी हसायची थांबले.

*

एकदा सतीश बाहेरगावी असताना दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला पिशवी लटकलेली. समोर स्वच्छ, पांढरा बर्फ. पाऊल नाही, टायरची खूण नाही. मी पिशवी आत ओढून दार लावलं! काकूंना फोन लावला, "काकू, पिशवी आली, पण आणणारं कोणीच आलं नाही!"

"अगं बाई, बर्फ पडायच्या आधीच अडकवून गेले मी. परवा! तू दोन दिवस दारच उघडलं नाहीस?"

नव्हतं उघडलं. वारा ठोठावत होता, मला वाटलं कोणीतरी अनोळखी आहे.

*

आता मीनूबद्दल सांगायला हवं. वर्षा माझ्याच वयाची, मैलभर अंतरावर राहायची. तिची मीनू सहा वर्षांची. नाशकात भरपूर बडबड करायची म्हणे. इथे आली आणि गप्प झाली. मराठी नाही, इंग्लिश नाही. काकूंनी तपासलं, "कान उत्तम, घसा उत्तम. बोलेल तेव्हा बोलेल." पण शाळा थांबायला तयार नव्हती. स्प्रिंगपर्यंत बोलली नाही तर तिला वेगळ्या वर्गात घालणार होते. वर्षा रडून रडून अर्धी झाली होती.

म्हणून मी हुंकाराचा नियम काढला. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायचं. ऐकणाऱ्याने "हं" म्हटलं तरच गोष्ट पुढे जाणार, हे कॅसेटच्या सुरुवातीलाच सांगायचं.

रोहन वैतागला, "व्हाय डू आय हॅव टू से हं टू अ टेप?" पण म्हणायला लागला. सगळी म्हणायला लागली.

वर्षा दर आठवड्याला फोन करायची. "आजही नाही गं. एक हं म्हणाली ना, तरी पुरे मला."

*

मग रोहनने विचारलं, "आँटी, हू इज द लिटल किड?"

"कुठला किड?"

"ऑन द टेप. शी सेज हं बिफोर मी."

मी ऐकली. माझं वाक्य, मग शांतता आणि शांततेत, अगदी लांबून आल्यासारखं, "हं."

त्या दुपारी घरात मी एकटी होते!

"फ्रिज असेल," सतीश म्हणाला.

"फ्रिज वाक्य संपायची वाट बघतो?"

तो चहा टाकायला गेला.

ती कॅसेट पिशवीतून वर्षाकडे गेली. पिशवी परत आली, कॅसेट आली नाही. मी मागितली तेव्हा वर्षा एवढंच म्हणाली, "राहू दे ना माझ्याकडे."

*

फेब्रुवारीत आइस स्टॉर्म झालं. तारा तुटल्या, सकाळीच सगळीकडचे लाइट गेले. सतीश ऑफिसात अडकलेला. घर गारठत चाललं होतं आणि फांद्यांवरचा बर्फ कडाकडा मोडत होता. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते.

आदल्याच दिवशी आईचं पुण्याहून पार्सल आलं होतं. त्यात बर्फातल्या अस्वलाची गोष्ट होती. पुस्तक अजून कोणाला दाखवलंही नव्हतं. टेप चालणं शक्य नव्हतं, तरी ब्लँकेट गुंडाळून मी खिडकीशी बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. निदान माणसाचा आवाज तरी! सवयीने वाक्यावाक्याला थांबत होते, पान संपलं की घंटी वाजवत होते.

अस्वल म्हातारीच्या दाराशी आलं. पान संपलं. घंटीला हात घातला आणि फोन खणखणला. मी केवढ्याने ओरडले!

वर्षा होती. हसत होती की रडत होती, कळेना. "अगं, मीनू हं म्हणतेय! मघापासून! मी दाराआडून ऐकतेय, आत जायची हिंमतच होईना. कुठली गोष्ट भरलीस गं, एवढी आवडली तिला?"

"वर्षा," मी म्हटलं, "तुमच्याकडे लाइट आहेत?"

"नाहीत ना. पण टेप बॅटरीवर..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "बॅटऱ्या तर मी टॉर्चमध्ये घातल्यात."

मी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"अजून म्हणतेय?" मी विचारलं.

"नाही. आत्ताच थांबली. तू फोन उचललास तेव्हा."

पलीकडे छोटी पावलं वाजली. रिसीव्हर कोणीतरी ओढून घेतला. मग एक आवाज आला. जरासा घोगरा, वापरात नसलेला.

"मावशी, घंटी वाजव ना. अस्वल दाराशीच उभं आहे."