ओदाल्मिसची डिस्क

“डिस्क मांडीवर घेऊन बस, पायाशी ठेवू नकोस, तिला दचके सोसत नाहीत,” ओदाल्मिस मला एकदा म्हणाली होती. मला एकदाच हवानाला पाठवलं, तेव्हा. नंतरच्या सगळ्या खेपा तिच्याच वाट्याला गेल्या.

रेमेदिओसच्या आमच्या संगणक क्लबात इंटरनेट नव्हतं. प्रोग्राम हवानाहून डिस्कवर भरून आणायचे आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून आठ मशीनवर चढवायचे. ओदाल्मिस टाइप करताना खिडकीबाहेर बघायची. “एवेलिओ, गुडघा काय म्हणतो?” असं क्लबात येणाऱ्या म्हाताऱ्याला विचारेपर्यंत प्रोग्राम बसलेला असायचा. मी तिच्या आधी कामाला लागलेला. माझी बोटं मात्र अक्षरं शोधत फिरायची. रात्री जेवताना तिची ती बेफिकीर मान आठवायची आणि मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

त्या वर्षी सांता क्लाराच्या प्रांतिक संगणक तुकडीत आमच्यातलं एक नाव जाणार होतं. नाव क्लबच्या प्रमुख मिग्दालियाबाई ठरवणार होत्या.

ओदाल्मिस हवानाला गेली असताना चार नंबरच्या मशीनमधली जागा भरली. बाई म्हणाल्या, “राहू दे रेनिएर, ती आली की काढेल काहीतरी.”

“काढता मलाही येतं, बाई.”

“येत असेल रे. पण ती आली की बघू.”

त्या कॉफी आणायला गेल्या आणि मी बसलो. छपाईचा एक जुना प्रोग्राम काढायचा, एवढंच. मशीन आधी यादी दाखवतं, मग विचारतं, काढू का? मी ‘हो’ आज्ञेतच लिहून टाकलं. ओदाल्मिस मशीननं विचारायची वाट बघत थांबत नाही, असं मला वाटायचं. त्या प्रोग्रामच्या आधारावर उभं असलेलं सगळं एकेक करून निघू लागलं. नावं सरसर वर गेली. पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं, बाण, काही उरलं नाही.

सिगार कारखान्यातून निवृत्त झालेला एवेलिओ मुलाला पत्र लिहायला आला. “वीज तर आहे,” तो म्हणाला, “मग हे मेलं कशानं?”

कॉफी घेऊन परतलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“ओदाल्मिसनं मागच्या आठवड्यात काहीतरी चढवलं होतं,” मी म्हणालो. “त्याचंच असणार.”

दुसऱ्या दिवशी ती आली. केसांत प्रवासाची धूळ होती. तिनं दोन शब्द टाइप केले आणि एक नोंद उघडली. कोणती आज्ञा, किती वाजता, कुणाच्या नावानं, हे मशीन लिहून ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर माझं नाव होतं. तिनं ते वाचलं आणि नोंद बंद केली. मग डिस्क जोडून तासाभरात सगळं पुन्हा चढवलं.

“पोरी, हे तुझ्यामुळं झालं म्हणतात,” बाई मागून म्हणाल्या. “मला आज नाव कळवायचंय. काय समजू मी?”

ओदाल्मिस माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी बोलायची ती वाट बघत होती, आणि मला बोलायला भरपूर वेळ होता. त्या वेळातही मला दिसत होतं ते एवढंच, की तिची बोटं जराही थरथरत नाहीत.

मी पंख्याकडे पाहिलं.

“मग रेनिएरचं कळवते,” बाई म्हणाल्या.

तिनं डिस्क टॉवेलात गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर गेली.